खारीचे पथ्य

एका जंगलाच्या अगदी कडेला एक दगडी घर होते, आणि त्या घराच्या स्वयंपाकघरात, फरशीच्या खाली, एक उंदरीण आपल्या नवऱ्यासह राहत असे. वरच्या घरातल्या बाईंना घरीच चीज करायचा भारी नाद. दूध नासवायचे, फडक्यात बांधून टांगायचे, पाणी निथळले की दगडाखाली दाबायचे, मग फडताळात महिनोन्‌महिने मुरत ठेवायचे. त्यातले सांडले-लवंडले की उंदरीण खाली घेऊन येई. तिने काड्यापेट्यांचे फडताळ केले होते. एका पेटीत मऊ पांढरे पनीर, दुसरीत पिवळे चीज, तिसरीत मिरे लावलेले, चौथीत वर्षभर मुरलेले दगडासारखे कडक, आणि पाचवीत निळ्या शिरांचे. या शेवटच्याला न धुतलेल्या पायमोज्यासारखा वास येई, पण ज्याला आवडे तो बोटे चाटून खाई. घरी कुणीही आले की पाचही पेट्या उघडायच्या आणि पाचही चवी खायला लावायच्या. "पुरे," असे पाहुण्याने तीनदा म्हटले तरी चौथ्यांदा वाढायचे, अशी त्या घरची रीतच होती.

पण मुलांनो, हे सगळे सुख दबक्या आवाजातले होते. कारण वर बोका होता.

बोका मुद्दाम उंदरांसाठीच आणलेला. दिवसभर तो फडताळाच्या पायाशी पडून असे, एक कान फरशीला लावून. खाली कुणीतरी राहते हे त्याला वासावरून ठाऊक होते, पण नेमके कुठल्या फरशीखाली, ते त्याला अजून कळले नव्हते. ते कळू नये म्हणून घरात नियम होते. जेवताना हसायचे नाही. पेटी सरकवायची नाही, उचलायची. शिंक आली तर चिंधीत तोंड खुपसायचे. मागच्या थंडीत उंदरिणीचा धाकटा दीर मोरीच्या तोंडाशी नुसता एकदा खाकरला होता. तो पुन्हा घरी आला नाही.

एके दिवशी सकाळी फार वारा सुटला. अंगणातल्या चिंचेची फांदी मोडली आणि तिच्यावरचे खारीचे घरटे खाली आले. खारीला दोन पिल्ले होती, डोळेही न उघडलेली. एकेकाला तोंडात धरून ती मोरीच्या वाटेने फरशीखाली शिरली आणि थरथरत उभी राहिली.

"वहिनी," ती म्हणाली, "संध्याकाळपर्यंत वारा पडेल. तोवर पिल्लांना कोपरा द्याल का?"

"अगं, विचारतेस काय अशी परक्यासारखी? ये, आत ये," उंदरीण कुजबुजली. "हा कापूस घे. आणि हळू बोल हो. वर आहे तो."

खारीने वर पाहिले. फरशीवरून चार पावले मऊ मऊ चालत गेली आणि थांबली. मग पुन्हा चालू लागली. पिल्लांना कापसात ठेवून खार त्यांच्यापुढे आडवी बसली.

तेवढ्यात शेजारची चिचुंद्री आलीच. कुणाकडे पाहुणा आला की हिला आधी कळायचे. उंदरिणीने पाच पेट्या उघडल्या आणि पानावर पाच तुकडे मांडून ते खारीपुढे ठेवले.

"वहिनी, रागावू नका," खार म्हणाली. "मला दुधाचे काहीच चालत नाही."

"पनीर नको असेल तर राहू दे. पिवळे घे."

"कुठलेच नको. घसा दाटून येतो आणि ठसका लागतो. लागला की थांबत नाही."

चिचुंद्रीने नाक उडवले. "बाई बाई! झाडावरची मंडळी ही. यांना आपल्यासारख्या जमिनीवरच्यांचे कसे रुचेल?"

"तसे नाही हो मावशी..."

"मग कसे? स्वतःच्या पिल्लांना दूध पाजतेस आणि तुला दुधाचे चालत नाही होय? ऐकावे ते नवलच!"

खार ओशाळली. तिने दोन्ही पंजे पोटाशी घेतले. कोपऱ्यात उंदरिणीचा नवरा, म्हातारा उंदीर, आपले जेवण जेवत होता. त्यालाही पथ्य होते. पनीर खाल्ले की त्याचे पोट ढोलासारखे फुगे. पण वर्षभर मुरलेले कडक चीज हरभऱ्याएवढे खाल्ले तर त्याला काही होत नसे. रोज दुपारी तो तेवढाच तुकडा घेई आणि डोळे मिटून, कुरतडून कुरतडून अर्धा तास पुरवून खाई. बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटे.

उंदरिणीने नवऱ्याकडे पाहिले, खारीकडे पाहिले, आणि तिच्या मनाने एक हिशेब केला. यांनाही दुधाचे चालत नाही, पण जुने चीज चालते. मग हिलाही चालणारच. हिने कधी खाऊन पाहिले नसेल, म्हणून भिते. उपाशी बाळंतीण माझ्या घरून तशीच गेली तर मला काय म्हणतील? आणि ही चिचुंद्री गप्प थोडीच बसणार आहे!

ती आतल्या बाजूला गेली. किसलेले खोबरे होते, गूळ होता. तिने लाडू वळायला घेतला आणि त्यात कडक चीज बारीक किसून घातले. खोबरे कुठले आणि चीज कुठले, ओळखू येत नव्हते. तिच्या मनात वाईट काहीच नव्हते, हेही सांगून ठेवते.

"हा घे," ती म्हणाली. "खोबऱ्याचा आहे."

खारीला भूक फार लागली होती. तरी तिने विचारले, "यात दुधाचे नाही ना काही?"

"नाही गं बाई. खा मुकाट्याने."

खारीने लाडू खाल्ला. "छान झालाय हो," ती म्हणाली. उंदरीण चिचुंद्रीकडे बघून हसली. म्हणजे बघा, उगाच नको नको म्हणत होती!

थोडा वेळ काहीच झाले नाही. वर घर सामसूम झाले. बाई जेवून आतल्या खोलीत आडव्या झाल्या. नुसते फडक्यात टांगलेल्या पनीरचे पाणी खालच्या पितळी परातीत पडत होते. टप्. टप्. आणि त्या आवाजांच्या मधून बोक्याची पावले.

मग खारीने गळ्याला पंजा लावला.

एकदा आवंढा गिळला. पुन्हा गिळला. तिचे डोळे मोठे झाले आणि ती उंदरिणीकडे बघत राहिली. खारीने आपली शेपटी ओढून तोंडात कोंबली. तिचे अंग आतल्या आत हिसके देऊ लागले. उंदीर चिंधी घेऊन धावला. चिचुंद्री भिंतीला चिकटली. वर पावले थांबली.

खारीने दम धरला. फार वेळ धरला. पिल्लांकडे बघत धरला. आणि मग तो ठसका बाहेर आलाच.

एक. दुसरा. तिसरा तर शिट्टीसारखा.

वर, अगदी डोक्यावर, नख्या फरशीला घासल्या. फरशीच्या सांध्यातून ऊन येत होते, ते एकदम बंद झाले. त्या फटीला नाक लागले होते.

"कोण खोकतंय बरं?" बोका गोड आवाजात म्हणाला. "आजारी दिसतंय कुणीतरी. थांबा, भेटायलाच येतो."

सांध्यात नखी शिरली. माती खाली पडली, पिल्लांच्या अंगावर. फरशी हलली. एक कडा उचलली गेली आणि पंजा आत आला. आधी बोटे, मग मनगट, मग कोपरापर्यंत हात. तो डावीकडे चाचपडला, पाचही पेट्या त्याने उधळल्या. मग उजवीकडे वळला. कापसाच्या टोकाला नखी अडकली आणि कापूस ओढला जाऊ लागला. आत पिल्ले झोपली होती.

उंदराने कापसाचे दुसरे टोक दातात धरले. खारीने एकदाच पिल्लांना हुंगले, आणि ती खोकत खोकत मोरीकडे पळाली. मुद्दाम खोकत. ठसका आता ती दाबत नव्हती. मोरीतून बाहेर पडून ती उघड्या अंगणात आली आणि तिथेही खोकली, मोठ्याने.

पंजा थबकला. कापूस सुटला. बोका दारातून अंगणात झेपावल्याचा आवाज आला.

"चिंचेवर चढेल ती," चिचुंद्री म्हणाली. "खार आहे, तिला काय!"

पण अंगणातून खोकल्याचा आवाज येतच राहिला, एकाच जागेवरून. घसा सुजला होता, श्वास पुरत नव्हता. ती झाडापर्यंत पोचलीच नव्हती. धुण्याच्या दगडाखाली शिरून बसली होती.

"अशी कशी गळाठली ही?" उंदीर म्हणाला. "खोबऱ्याच्या लाडवाने असे होते होय?"

उंदरिणीने उधळलेल्या पेट्यांकडे पाहिले. "अहो," ती म्हणाली, "मी त्यात चीज किसले होते. तुमचे. कडक. तुम्हाला सोसते म्हणून."

म्हातारा उंदीर कधी रागावत नसे. तेव्हाही रागावला नाही. "माझे पोट माझ्यापाशी आहे गं," तो म्हणाला. "तिचा घसा तिच्यापाशी. तिने सांगितले होते ना तुला?"

बाहेर बोका म्हणत होता, "ये की गं बाहेर. का मी हात घालू?"

उंदरीण दिवसाउजेडी कधी वर गेली नव्हती. ती उचललेल्या फरशीतून बाहेर आली. स्वयंपाकघर केवढे मोठे, केवढे उघडे! लपायला काही नाही. ती फडताळावर चढली, तिथून खुंटीवर, आणि पनीर ज्या दोरीला टांगले होते ती दोरी दातांनी कापू लागली. दोरी ओली होती, जाड होती. एक पेड तुटला. बाहेर खोकला बारीक होत चालला. दुसरा पेड तुटला. बाहेर खोकला थांबला.

ती थांबली नाही. तिसरा पेड तुटला आणि पनीरचे गाठोडे धाडकन परातीत आदळले. परात ओट्यावरून घसरली, फरशीवर भोवऱ्यासारखी फिरत, ठणठणत गेली. पांढरे पाणी सगळीकडे झाले. त्या पाण्यात उंदरीणही पडली.

"मेल्या बोक्या!" आतून बाईंचा आवाज आला. "पनीर पाडलेस होय माझे? थांब, दाखवते तुला!" केरसुणी घेऊन त्या आल्या, परात पाहिली आणि तडक अंगणात धावल्या. बोका दगडाखाली हात घालूनच बसला होता. "मी नाही, मी नाही," असे तो सांगत होता म्हणतात, पण केरसुणीपुढे कुणाचे चालते? तो कुंपणावरून पळाला आणि त्या दिवशी घराकडे फिरकला नाही.

उंदरीण भिजलेल्या अंगाने मोरीतून दगडाशी गेली. खाली अंधार होता. तिने हाक मारली. उत्तर आले नाही. तिने पुन्हा हाक मारली, आणि मग कान देऊन ऐकले. आत श्वास चालू होता. अडत होता, शिट्टी वाजत होती, पण चालू होता. उंदरीण तिथेच बसून राहिली आणि एकेक श्वास ऐकत राहिली. दोन श्वासांच्या मध्ये जरा वेळ गेला की तिच्या काळजाचे पाणी होई.

उन्हे उतरली तेव्हा खार बाहेर आली. वारा पडला होता. तिने कुणाला दोष दिला नाही, कसली चौकशीही केली नाही. आत जाऊन एक पिल्लू तोंडात धरले आणि ते चिंचेच्या ढोलीत ठेवून आली. मग दुसऱ्यासाठी आली.

उंदरीण वाटेत उभी होती. तिच्या हातात भुईमुगाची एक शेंग होती.

"खारूबाई," ती म्हणाली, "खोटे बोलले मी. लाडवात चीज होते. ही शेंग फोडलेली नाही. वरून मातीसुद्धा तशीच आहे. घेशील?"

पिल्लांना रात्रभर पाजायचे होते आणि सकाळपासून खारीच्या पोटात दुसरे काही गेले नव्हते. तिने शेंग घेतली. एका बाजूने पाहिली, उलटी करून दुसऱ्या बाजूने पाहिली, शिवणीवरून नखी फिरवली, देठापाशी हुंगली. मग पुन्हा पहिल्यापासून पाहिली. उंदरीण ते सगळे बघत उभी राहिली. "फोडलेली नाही गं," असे आणखी एकदा म्हणावे असे तिच्या मनात आले, पण तिला तोंड उघडवले नाही.

शेवटी खारीने शेंग गालात धरली, पिल्लू उचलले आणि ती गेली. झाडावर पोचल्यावर खाल्ली असेल. उंदरिणीसमोर नाही खाल्ली.

तात्पर्य : मुलांनो, पाहुण्याला पोटभर वाढा, पण तो "मला चालत नाही" म्हणाला की तेवढ्यावरच विश्वास ठेवा, एकाचे पथ्य दुसऱ्याला लावू नका, आणि प्रेमापोटीसुद्धा कुणाच्या घासात काही लपवू नका.