गाव म्हंजी कोण?

आवळदऱ्याच्या ग्रामसभेला कधी पाहुणा म्हणून गेलात, तर एक वेगळीच रीत नजरेस पडेल. सभा चावडीपुढच्या पारावर भरते. ग्रामसेवक विषय वाचतो, चर्चा होते, भांडणे लागतात, एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. इथवर सगळे चार गावांसारखेच. पण हात वर करायची वेळ आली, की सरपंच पायातल्या वहाणा काढून उभा राहतो. मग डोंगरावरच्या धनगरवाडीतली कोणी तरी बाई, तरणी असो की म्हातारी, बसल्या जागेवरून विचारते, "गाव म्हंजी कोण?" सरपंचाने गावातल्या आळ्या आणि वाड्या एकेक करून नावाने सांगायच्या. त्या सांगून झाल्याशिवाय हात वर जात नाही. तालुक्याहून आलेले साहेब घड्याळाकडे बघतात, नवा ग्रामसेवक गालात हसतो. त्याला मग पारावरची म्हातारी माणसे बाजूला घेऊन केराबाईची गोष्ट सांगतात, आणि ती ऐकल्यावर पुढच्या सभेला तो हसत नाही.

आवळदरा डोंगराच्या पायथ्याला आहे आणि धनगरवाडी माथ्यावर. दोन्हींच्या मध्ये, वाडीपासून थोडे खाली, उंबराच्या मुळाशी एक झरा होता. त्याला उंबरझरा म्हणत. होळी झाली की खाली गावातल्या विहिरी तळ दाखवत, पण उंबरझऱ्याची धार कधी तुटली नाही म्हणे. वाडीच्या बायका खाली उतरून घागर भरत आणि भरली घागर घेऊन तो उभा चढ चढत. जन्मभर हाच उद्योग. त्यामुळे वाडीची बाई बाजारात नुसत्या चालण्यावरून ओळखू येई. प्रत्येकीचा उजवा गुडघा गेलेला.

झरा ज्या तुकड्यात होता तो तुकडा केराबाई खिलारेचा. बाई लवकर रंडकी झालेली, एक मुलगा, सखू नावाची सून आणि पाच-पन्नास मेंढरे. जिभेची तिखट, हाताची सढळ. वाडीत मेंढरांवरून, चराईवरून तंटा झाला, तर लोक तिच्या दारात येऊन बसत. केराबाई एकदा बोलली की दोन्ही बाजू आपापली काठी उचलून घरी जात. ना पद, ना त्या तुकड्यापलीकडे जमीनजुमला. तिच्याजवळ काय होते ते एवढेच, शब्द.

तेव्हा पंचायत नवी नवी होती, असे सांगतात. पाटलाचा हुकूम गेला होता आणि हात वर करायची रीत आली होती, आणि नव्याची नवलाई म्हणून लोक कशालाही हौसेने हात वर करत. पहिला सरपंच हैबतराव धुमाळ. गाव त्यांना आबा म्हणे. माणूस वाईट नव्हता, हे गोष्ट सांगणारे आवर्जून सांगतात. ओढ्यावर फरशी त्यांनी घातली, शाळेवर कौले चढवली. गावाला उन्हाळ्यात पाणी नाही ही त्यांची रात्रंदिवसाची टोचणी होती. ती टोचणी घेऊन एक दिवस आबा डोंगर चढून वाडीत गेले.

केराबाईने घोंगडे अंथरले, दुधाचा पेला पुढे केला. आबांनी बेत सांगितला. झऱ्यावर पक्की टाकी बांधायची, तिला इंजिन लावायचे, आधी पाणी चढावर वाडीला उचलायचे, मग उताराने खाली सोडायचे. केराबाईने सगळे ऐकून घेतले आणि हसून म्हणाली, "आबा, गावाचं काम गावासाठी. वाडीला कोन इचारतंय?"

"असं कसं बोलता, केराक्का?" आबांना खरेच वाईट वाटले म्हणे. "वाडी काय गावाभायेर हाय व्हय? गाव म्हंजी वाडी आलीच की त्यात!"

एवढे बोलून ते थांबले नाहीत. बिरोबाच्या देवळात गेले, भंडारा उचलून कपाळाला लावला आणि देवासमोर तेच पुन्हा बोलले. आणि केराबाईलाही पंच केले. पंचायतीत एक तरी बाईमाणूस असावे असा नियम होता, आणि बाईच्या तुकड्याशिवाय काम होणार नव्हते, हेही होतेच.

वाडी मात्र कां-कूं करत होती. केराबाईचा थोरला दीर धुळोबा म्हणाला, "केरा, झरा हाय तवर आपुन हाय. येकदा त्येच्यावर टाळं पडलं की मागनं रडून भागायचं न्हाई."

केराबाई म्हणाली, "माज्या शब्दावर द्या. उद्या काय इपरीत झालं तर मला इचारा." तिच्या शब्दावर वाडीने झरा दिला. तुकडा तिचा होता, पण पाणी सगळ्यांचे, हे तिलाही मान्य होते.

टाकी सगळ्यांनी मिळून बांधली. खालून गावची माणसे वाळू घेऊन येत, वरून वाडीचे गडी दगड आणत. घाण पडू नये म्हणून टाकीला लोखंडी झाकण बसवले आणि झाकणाला कुलूप लावले. मग पारावर सभा भरली. आबा उभे राहिले आणि त्यांनी ठराव सांगितला, "टाकीचं पाणी पहिल्यांदा गावाला द्यावं. मंजूर असंल त्येनं हात वर करावा."

केराबाईचे काळीज भरून आले. गाव म्हणजे वाडी आलीच त्यात, हे तिने आबांच्याच तोंडून ऐकले होते, देवाच्या पुढ्यात ऐकले होते. सगळ्यांत पहिला हात तिचा वर गेला, असे सांगतात. तिचा हात बघून वाडीतून आलेल्या गड्यांनी हात वर केले, मग साऱ्या पाराने. ठराव सर्वानुमते मंजूर झाला आणि पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवसापासून नळासाठी चर खणायला सुरुवात झाली. चर टाकीपासून खाली चालला होता. केराबाईला वाटले, खालचे आधी उरकत असतील. इंजिन आले की वर वळतील. ती रोज ताकाचे मडके घेऊन खणणाऱ्यांना ताक पाजायला उतरत होती. सून म्हणाली, "आत्याबाई, चर तर खालीच चाललाय." तर तिने सुनेलाच दटावले, "आबानं भंडारा उचललाय, गं. मानसानं येवढं वंगाळ मनात आनू नये."

मग एका सकाळी गावात हलगी वाजली. सखू नेहमीसारखी घागर घेऊन झऱ्यावर गेली तर उंबराखाली ओल तेवढी शिल्लक होती. सगळे पाणी झाकणाच्या आत, कुलपाच्या आत, तिथून नळात आणि नळातून खाली. ती वाडीच्या बायकांसह पाण्याच्या मागे निघाली. चढाच्या दुप्पट उतार उतरून त्या वेशीजवळच्या नळावर पोचल्या, तेव्हा गावच्या बायकांची रांग संपायची होती. रांगेतली एक त्यांना म्हणाली, "जरा थांबा गं. आधी गावाचं भरू द्या."

हे सखूने येऊन सांगितले. केराबाईने पदर खोचला आणि तशीच डोंगर उतरून आबांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिली. वाडीला पाणी कधी, असे तिने विचारले. आबा म्हणाले, "येईल की. इंजिनाचं बघू पुढं. आता ठरावच तसा झालाय, केराक्का. पहिलं पानी गावाला. सर्वानुमते झालाय. तुमचाबी हात व्हता."

मग तिने विचारले, "आबा, गाव म्हंजी कोण?"

"गाव म्हंजी... गाव. आता हे काय इचारनं झालं?" असे म्हणून आबांनी हात फिरवला. मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत, कुंभारआळीपासून पेठेपर्यंत. हात सगळीकडे फिरला, फक्त डोंगराकडे वळला नाही.

इथे सांगणाऱ्यांत दोन मते आहेत. काही म्हणतात, आबांनी ठरवूनच दगा दिला, शब्द मुद्दाम गोल ठेवला. पण बाकीचे, आणि त्यात वाडीतले जास्त, म्हणतात की आबांच्या मनात डाव वगैरे काही नव्हता. भंडारा उचलला तेव्हा वाडी त्यांच्या समोर होती म्हणून ती गावात होती; ठराव मांडला तेव्हा समोर गाव होते, वाडी आठवलीच नाही. डाव असता तर केराबाईने त्यांच्याशी भांडण तरी केले असते. जो आपल्याला विसरलाच, त्याच्याशी भांडायचे कसे? केराबाईच्या वर्मी लागले ते हेच.

वाडीत परतली तेव्हा सगळे तिच्या दारात बसले होते. तंटा घेऊन बसत तसेच, पण या वेळी तंटा तिच्याशीच होता. धुळोबाने काय बोलायचे ते आधीच बोलून ठेवले होते. सखूनेच विचारले, "आत्याबाई, हात तुमचाबी व्हता?"

"व्हता," केराबाई म्हणाली. आपण काय समजलो, आबा काय बोलले होते, ती एक अक्षर सांगत बसली नाही. झरा तिच्या शब्दावर दिला होता आणि शब्द खोटा ठरला होता. त्या दिवसानंतर वाडीतला एकही तंटा तिच्या दारात आला नाही. गावाने पाणी नेले ते दिसले. तिचे हेही नेले, ते कोणाला दिसले नाही. तिने बिरोबाच्या पायरीवर शपथ घेतली, की ज्या गावात मी नाही त्या गावाचे पाणी माझ्या तोंडात पडणार नाही. डोंगरापलीकडे दुसऱ्या गावच्या शिवारात एक ओहोळ होता. तिथून ती स्वतःपुरते पाणी आणू लागली, त्या गेलेल्या गुडघ्याने.

आणि मग म्हणे गावात डाळ शिजेना. नळाचे पाणी आले म्हणून घरोघर पुरणाचा बेत झाला. चुलीवर हरभऱ्याची डाळ चढली, सरपणाचे भारे संपले, पण डाळ जशीच्या तशी. दाताखाली खडा. आबा म्हणाले, वाण्याने जुनी डाळ दिली. नवी आणली, तीही शिजेना. तूर नाही, मूग नाही. हेच पाणी वाडीच्या चुलीवर होते तेव्हा डाळीचे लोणी होत होते. पुरुषांना पाण्याचा दोष दिसला. बायकांना मात्र बरोबर समजले. चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कुठे काय कच्चे राहिले ते कळते. एक दिवस गावच्या बायका वाटीवाटीने कच्ची डाळ घेऊन डोंगर चढून केराबाईच्या दारात गेल्या. तिने त्यांना बसवले, ताक दिले, त्यांच्यावर रागावली नाही. एवढेच म्हणाली, "बायांनो, हात तुमी कुटं वर केलावता? तुमाला कोनी इचारलंच न्हाई. ज्येंनी केला त्येंना धाडा."

शेवटी गाव हलले. इंजिन आले, चर वळला, नळ डोंगर चढला. वाडीत तोटी बसली. उद्घाटनाला सारा आवळदरा वर लोटला. आबांच्या मनाला खरोखर लागले होते. त्यांनी हार आणला होता आणि पहिली तोटी केराबाईच्याच हाताने सोडायची असे ठरवले होते. वाडीतले लोकही पुन्हा तिच्याशी बोलू लागले होते. सखूने कोरी घागर तोटीखाली ठेवली. केराबाई आली, आबांनी तिच्या गळ्यात हार घातला. तोटीवर हात ठेवून, ती सोडण्याआधी तिने वळून विचारले, "आबा, गाव म्हंजी कोण?"

आबा तयारीने आले होते. वहाणा काढून, हात जोडून उभे राहिले आणि मोठ्याने सांगू लागले, "गाव म्हंजी आमची वरची आळी. आमची कुंभारआळी. आमची पेठ. आमचा रामोशीवाडा. आमची मळ्यातली वस्ती." एकही नाव चुकले नाही. सारे लोक कौतुकाने ऐकत होते. आणि मग ते म्हणाले, "आनि तुमची धनगरवाडी."

कोणाच्या ध्यानात आले नाही म्हणे. टाळ्याही पडल्या. केराबाईने मात्र तोटीवरचा हात काढून घेतला. गळ्यातला हार उतरवून तोटीला अडकवला, सखूला म्हणाली, "तू भर, पोरी. तुजं वय हाय," आणि पलीकडच्या ओहोळाची वाट धरली. आबा मागून हाका मारत राहिले. आपले चुकले काय हे त्यांना त्या क्षणी कळलेच नाही. कळले ते सखूने समजावून सांगितल्यावर. मग ते अनेकदा वर गेले. केराबाई त्यांना घोंगडे अंथरी, दूध देई, मेंढरांचे बोले. पाण्याचा विषय काढला की उठून जाई. तिच्या शेवटच्या घोटालाही ओहोळाचेच पाणी होते, असे सांगतात. पुढे गावची डाळ शिजू लागली. धुमाळांच्या घरात मात्र आबा होते तोवर शिजली नाही, असे वाडीतले लोक म्हणतात, आणि हे सगळे झूट आहे असे धुमाळ म्हणतात.

तिच्यामागे पहिली सभा भरली तेव्हा पारावरून सखूने तो प्रश्न विचारला आणि तिथून रीत पडली.

आजही सरपंच वहाणा काढतो आणि एकेक नाव घेतो. "तुमची" असा शब्द निघाला तर सभा तिथेच मोडते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून सगळ्या आळ्या तो भरभर सांगतो आणि धनगरवाडीशी आला की किंचित थांबतो, जीभ सावरतो, आणि मग म्हणतो, "आमची." कित्येक सरपंच झाले, बरोबर सगळ्यांनी सांगितले. पण न थांबता सांगणारा अजून व्हायचा आहे, असे वाडीतल्या बायका म्हणतात. त्या तेवढेच ऐकायला डोंगर उतरून येतात.