सहा आकड्यांची दवंडी

एका गावात एक भोळा शिपाई होता. गाव आमचंच, आमळदरी. शिपाई ग्रामपंचायतीचा, नाव गेनू. सांगावं तेवढंच करायचा, पण ते अगदी तंतोतंत करायचा. आणि आम्ही एवढे शहाणे, की गावाचं इंटरनेट त्याच्याच हवाली केलं.

सरकारनं गावोगाव इंटरनेटची तार न्यायची ठरवली होती. आमच्या वाट्याच्या तारेचं भेंडोळं दोन वर्षं शाळेमागं पडून होतं. आम्ही त्यावर गोधड्या वाळत घातल्या. शेवटी एकदाची तार पुरली आणि पंचायतीच्या भिंतीवर हिरव्या दिव्यांची पेटी बसली.

सगळ्यांत जास्त आनंद गेनूला. त्याच्या वैजूला नर्सिंगचा फॉर्म भरायचा होता. फॉर्म ऑनलाइन, मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. तालुक्याच्या दुकानात जाऊन तिला तो आधीच भरता आला असता. पण गावात इंटरनेट आल्यावर तालुक्याला जायचं म्हणजे गावाची काय शोभा, असं आम्हीच तिला बजावलं.

"माझी पोर दवाखान्यात सुई टोचताना बघायचीय मला," गेनू भेटेल त्याला सांगायचा.

सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "गेनू, पेटी तापू देऊ नको."

दुपारी गेनूनं पेटीला हात लावून पाहिला. तापली होती. त्यानं माठातलं गार पाणी तांब्याभर तिच्यावर ओतलं. दिवे विझले.

"अरे, पाणी कशाला? दारं-खिडक्या उघड्या ठेवायच्या. वारा येऊ द्यायचा."

"बरं, भाऊसाहेब."

मंगळवारी दुसरी पेटी आली. गेनूनं दारं उघडली, खिडक्या उघडल्या. वारा आला. वाऱ्यामागून गेनूचीच शेळी आली आणि हातभर तार चघळून गेली. गेनूनं रागारागानं त्याच दिवशी शेळी विकली.

"अरे, तारेजवळ कुणी आलं की काठी घेऊन हाकलायचं."

"बरं, भाऊसाहेब."

बुधवारी तार जोडायला तालुक्याहून माणूस आला. त्यानं तारेला हात घातला मात्र, गेनूनं काठी उचलली आणि त्याला ओढ्यापलीकडं पोचवून आला. येताना त्याची एक चप्पल घेऊन आला.

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, सरकारी माणूस तो. साहेब म्हटलं की उठून उभं राहायचं. खुर्ची द्यायची, चहा द्यायचा, विचारेल ते सांगायचं."

"बरं, भाऊसाहेब."

गुरुवारी त्या माणसाला हातापाया पडून परत आणला, चप्पल दिली. तार जोडली गेली. तो गेला आणि गेनूचा फोन वाजला.

"मी बँकेतला साहेब बोलतोय."

गेनू ताडकन उभा राहिला. फोन खुर्चीवर ठेवला. फोनसमोर चहाचा कप ठेवला. साहेबानं विचारलं, "फोनवर सहा आकडी नंबर आलाय, तो सांगा." गेनूनं सांगितला. खात्यात शेळीचे पैसे होते, तेवढे गेले. साहेबांनी चहा मात्र घेतला नाही, याचंच गेनूला जास्त वाईट वाटलं.

"अरे, फोनवर आलेला नंबर कुणालाही सांगायचा नाही. प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी."

"बरं, भाऊसाहेब."

शुक्रवार उजाडला. वैजू पंचायतीतल्या कॉम्प्युटरपुढं बसली. तिच्या मागं आम्ही सगळं गाव उभे. जो तो काहीतरी सुचवत होता, त्यामुळं पावणेपाच वाजले. फॉर्म भरून झाला. आता गेनूच्या फोनवर नंबर येणार, तो टाकला की काम फत्ते.

नंबर आला.

"आबा, नंबर सांगा," वैजू म्हणाली.

गेनूनं फोन सदऱ्यात घातला आणि तोंड मिटलं.

"अहो आबा, माझ्याच फॉर्मचा आहे."

"ब्रह्मदेवालाही सांगायचा नाही," गेनू म्हणाला आणि भाऊसाहेबांकडं अभिमानानं पाहिलं. आज तरी आपलं चुकलं नाही, असं त्याला वाटलं.

पाच वाजले. वैजूच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून गेनूलाही रडू फुटलं. का रडतोय ते त्याला कळत नव्हतं.

नशीब पोरीचं, त्या संध्याकाळी मुदत एक दिवसानं वाढली. आमच्यासारखी गावं राज्यात पुष्कळ असावीत.

भाऊसाहेबांनी गेनूला समोर बसवलं. "उद्या नंबर आला की सांगायचा. लगेच सांगायचा. चांगला मोठ्यानं."

"बरं, भाऊसाहेब."

शनिवारी नंबर आला. मोठ्यानं सांगायचं म्हणजे काय, हे पंचायतीच्या शिपायाला कुणी शिकवायला नको. गेनूनं खुंटीवरची हलगी काढली आणि बाहेर पडला. वैजू "आबा, आबा" करत दारापर्यंत धावली. तोवर हलगी वाजली.

"ऐका हो ऐका. चार... सात... शून्य..."

खिडक्या गेनूनंच उघड्या ठेवल्या होत्या. वैजू परत फिरली, आकडे ऐकत गेली, टाकत गेली. फॉर्म गेला. पोर आता नर्सिंगला आहे, सुई छान टोचते म्हणतात.

गेनू मात्र थांबला नाही. त्यानं वरची आळी केली, खालची आळी केली, वस्तीवरही जाऊन आला.

आणि आम्ही शहाण्या माणसांनी तो नंबर वहीत उतरवून घेतला. अजून जपून ठेवलाय. सरकारी नंबर आहे, कधीतरी लागेल.