न वाजणारी दमणी

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचे नाव सांगणारेही आता कोणी उरले नाही. मुलांनो, पुढे सरकून बसा. आणि मुलांच्या आडून कान देणाऱ्या थोरांनो, तुम्हीही बसा, कारण खरे तर ही गोष्ट तुमचीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या गावात एक हौशी माणूस राहत होता. त्याच्याकडे त्याच्या वडिलांची, आबांची, जुनी दमणी होती. दमणी म्हणजे माणसांनी बसून जायची हलकी बैलगाडी. वर छत, आत मऊ गादी. आबा गेले आणि दमणी या मुलाकडे आली. गाव त्याला दमणीवाला म्हणू लागले आणि त्यालाही ते नाव आवडले.

दमणी म्हातारी झाली होती. आज जू ढिले, उद्या छताची कामटी मोडलेली, असे काही ना काही चालूच असे. पण दमणीवाल्याने तिला कधी सुताराचा हात लागू दिला नाही. "सुतार लाकूड ओळखतो, मी हिला ओळखतो," असे तो म्हणे. न्याहारी झाली की तो पडवीत दमणीखाली शिरे, आणि जेवायला हाका मारून मारून त्याच्या बायकोचा घसा बसे. गाडीत बसण्यापेक्षा गाडीखाली पडून राहण्यातच त्याला जास्त सुख होते. अशी माणसे आजही असतात. तुमच्या ओळखीतही असतील.

या दमणीला एक खोड होती. तिचे डावे चाक वाजायचे. कुईंऽऽ कुक, कुईंऽऽ कुक, असा तो आवाज. माळावर गाडी असली तरी गावात कळे की कोण येते आहे.

एकदा दमणीवाला एका लग्नाला गेला. मांडवापाशी वळताना चाक असे काही ओरडले, की सनईवाला वाजवायचा थांबला. वऱ्हाडी खो खो हसले. कोणीतरी म्हणाले, "वाजंत्री उगाच बोलावली, ही दमणीच पुरे होती." दमणीवाला वरवर हसला, पण ते बोलणे त्याच्या मनाला लागले. घरी येऊन त्याने बैल सोडले आणि शपथ घेतली, की हा आवाज काढल्याशिवाय दमणी वेशीबाहेर न्यायची नाही.

शपथ घ्यायला काय लागते? पण आपल्या शपथेची झळ कोणाला बसणार आहे, ते तेव्हा दिसत नाही.

डोंगराच्या पलीकडे, खिंड उतरून गेले की जे गाव लागे, तिथे त्याची थोरली बहीण राहत होती. ती अक्का. दमणीवाला रांगत होता तेव्हाच तिचे लग्न झाले होते, पण त्याआधी तिनेच त्याला कडेवर घेऊन सारे गाव दाखवले होते. दरवर्षी सुगी उरकली की आबा दमणी जुंपत आणि लेकीला माहेरी घेऊन येत. आबांच्या मागे काही वर्षे भाऊ गेला. मग तो लग्नाचा प्रसंग घडला आणि दमणी पडवीत उघडून पडली.

सुगी झाली. खिंडीतून येणाऱ्या कासाराने बांगड्यांची पेटी उतरवली आणि अक्काचा निरोप सांगितला. "अक्का म्हणत होत्या, नजर आता अधू झालीय, गुडघे धरलेत. एकदा माहेरी येऊन परसातल्या रायआवळ्याखाली बसायचंय. भावाला म्हणावं, न्यायला ये."

दमणीवाल्याचे डोळे भरून आले. खोटे नाही सांगत, त्याचा बहिणीवर जीव होता. तो म्हणाला, "येतो म्हणावं. चाक उघडलंय, जोडलं की निघालोच."

बायको म्हणाली, "अहो, शेजारच्यांचा छकडा मागा की. उद्याच्या उद्या घेऊन याल त्यांना."

"आबांची दमणी दारात असताना अक्काला परक्याच्या छकड्यातून आणू? आणि खिंडीपलीकडचे लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतील ते म्हणू देत. अक्का काय म्हणतील ते बघा."

दमणीवाला पुन्हा दमणीखाली शिरला.

गावात जुन्या गाड्यांचे वेड लागलेले आणखीही काही जण होते. स्वतःच्या गाड्या दुरुस्त करून दमले, की ते दमणीवाल्याच्या पडवीत येऊन बसत. एक म्हणे, "वंगण कमी पडतंय." दुसरा म्हणे, "वंगणाचा काय संबंध? आस वाकलाय." आस म्हणजे चाके जोडणारा दांडा. तिसरा सुपारी कातरत म्हणे, "आवाज डाव्या चाकात ऐकू येतो ना? मग दोष उजव्यात असणार." दमणीवाला सगळ्यांचे ऐके. त्याने वंगण बदलले. आस काढून तासून पुन्हा बसवला. चाकाचे आरे नवे घातले, तर बाहेरची लोखंडी धाव ढिली झाली. धाव तापवून बसवली, तर लाकूड करपले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा सगळा कारभार. आणि एवढे करून दमणी ओढून पाहिली, की चाक म्हणे, कुईंऽऽ कुक.

गोठ्यातले बैल हे सारे बघत होते. ते आबांच्या हातचे, पोक्त बैल होते. पांढरा बैल तांबड्याला म्हणाला, "सुगी उलटून गेली रे. खिंडीची वाट विसरायला होईल अशानं."

तांबडा म्हणाला, "याला सांगायचं कोणी? याचा कान चाकात अडकलाय."

एक सुगी गेली, दुसरी आली. कासार पुन्हा आला. या वेळी त्याने पेटी उतरवलीही नाही. तो म्हणाला, "अक्कानं अंथरूण धरलंय. माहेरी येणं आता जमायचं नाही, नुसतं भेटून जा म्हणाल्या. आणि एक शब्द दोनदा सांगितलाय, तसाच्या तसा पोचवायला. वाजत ये म्हणावं."

"काय म्हणावं?"

"वाजत ये."

दमणीवाल्याचा चेहरा पडला. लग्नातली वाजंत्री त्याला आठवली. आता अक्कासुद्धा आपल्या दमणीला हसते, असे त्याला वाटले. आजारी माणूस अंथरुणावरून निरोप धाडते, ते काय थट्टा करायला? पण एवढा विचार त्याने केला नाही. उलट त्याने मनाशी ठरवले, की आता जाईन तर असा जाईन, की अंगणात उभा राहीपर्यंत अक्काला चाहूल लागणार नाही. तिने बघतच राहिले पाहिजे.

मग तो चाकाच्या मागेच लागला. चाकाच्या मधला लाकडी तुंबा त्याने आजवर कधी फोडला नव्हता. तो आबांनी स्वतः बसवलेला होता. आता त्याने तोही उकलला. आणि आत, अगदी आसाला टेकून, त्याला पितळेची एक लहानशी पट्टी सापडली. चार बाजूंनी बारीक चुका मारून बसवलेली. चाक फिरले, की तिचे टोक आसावर घासे.

दमणीवाला पडवीत नाचलाच. त्याने चिमट्याने पट्टी उपटली आणि उजेडात धरली. तिच्या एका अंगाला पुसट वेलबुट्टी होती. कुठल्या तरी भांड्याचा तुकडा असावा, असे त्याला वाटले. "आबांना कोणी तरी फसवलं," तो बायकोला म्हणाला, "तुंबा विकताना जुना पत्रा ठोकून दिला आत." आणि त्याने ती पट्टी पडवीमागच्या उकिरड्यावर भिरकावली.

चाक जोडले. दमणी ओढली. कसलाही आवाज नाही. मित्र धावत आले, त्यांनी गावातून एक फेरी मारून पाहिली आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच दिवशी निघता आले असते. पण एवढी छान झालेली गाडी अशी कशी न्यायची? त्याने छताला नवे कापड घातले, बैलांची शिंगे रंगवली, घुंगरांच्या माळा मात्र काढून ठेवल्या. शांत गाडीत घुंगरू कशाला? मग दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर तो निघाला.

खिंडीत वारा पडला होता. दमणी पाण्यातून जावी तशी चालली होती. पांढरा बैल म्हणाला, "मला वाटतंय, आपण दुसऱ्याचीच गाडी ओढतोय."

तांबडा म्हणाला, "इथं आबा नेहमी गाडी हळू करायचे. चाक चांगलं वाजू द्यायचे." एवढे बोलून त्याने मान खाली घातली.

दमणीवाला गालातल्या गालात हसत होता. खालच्या गावातली कौले दिसू लागली होती आणि कोणाला त्याची चाहूल नव्हती.

अक्काच्या अंगणात त्याने गाडी उभी केली. ओसरीवर माणसे बसली होती. सगळी खाली मान घालून. आतून बायकांचे रडणे ऐकू आले. अक्काचा नवरा, त्याचे दाजी, खांबाला टेकून बसले होते. त्यांनी वर पाहिले आणि ते चक्रावले.

"पाव्हणं, तुम्ही? कशानं आलात?"

"दमणीनं." त्याने आतल्या दाराकडे पाहिले. "दाजी, अक्का?"

"आत्ताच गेली. अजून अंग ऊन आहे." दाजी उठून अंगणात आले आणि त्यांनी दमणीकडे पाहिले. "पण वाजली कशी नाही ही?"

"आवाज काढला मी तिचा. तुंब्यात पितळेची पट्टी अडकली होती."

दाजींनी डाव्या चाकावर हात ठेवला.

"अडकली नव्हती, पाव्हणं. आबांनी बसवली होती. लग्न होऊन आली तेव्हा तुमची अक्का फार रडायची. आबा म्हणाले, मी दरवर्षी न्यायला येईन. ही म्हणाली, तुम्ही येताय ते मला आधी कसं कळणार? मग आबांनी तिच्या भातुकलीतली एक झाकणी कापली आणि चाकात बसवली. खिंडीत चाक वाजलं, की ही हातातलं काम टाकायची, वेणी घालायची आणि तुमच्या वाटचा भात वैरायची. म्हातारपणी डोळे गेले, पण तो आवाज तिला कळायचाच. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

दमणीवाल्याने मान हलवली. त्याला ठाऊक नव्हते. त्याने कधी विचारलेच नव्हते.

"सकाळपासून कानात प्राण आणून पडली होती," दाजी म्हणाले. "पुन्हा पुन्हा विचारायची, खिंडीत काही वाजतंय का? आम्ही म्हणायचो, नाही. मघाशी शेवटचं विचारलं. नाही म्हटलं, तशी म्हणाली, मग आजपण नाही यायचा तो. आणि भिंतीकडे तोंड केलं."

मघाशी, म्हणजे दमणी खिंडीत होती तेव्हा. चाक वाजले असते, तर अक्काने खिंड उतरून येईपर्यंत तग धरला असता की नाही, हे कोण सांगणार? पण भाऊ आला आहे, एवढे तरी तिला कळले असते. दमणीवाला चाकाला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. वाजत ये, हे तिचे बोलणे त्याला आता समजले होते.

गावी परतल्यावर त्याने उकिरडा उपसला. लोक म्हणाले, बैल गेला आणि झोपा केला. त्याने ऐकून घेतले. पट्टी सापडली. राखेने घासली, तेव्हा वेलबुट्टी स्पष्ट दिसली, आणि बायकोने ती घराच्या फडताळातून काढलेल्या, अक्काच्या भातुकलीच्या एका लहानशा पातेल्याशेजारी धरून दाखवली. दोन्हींवर एकच वेल होती.

त्याने पट्टी जुन्याच जागी बसवली. आवाजही तोच आला, जरासुद्धा कमी नाही, जास्त नाही. त्यानंतर दरवर्षी सुगी उरकली की तो दमणी जुंपी, खिंडीत गाडी हळू करी आणि चाक वाजू देई. खालच्या गावात आवाज पोहोचे. माणसे कामे करत राहत. कोणी वेणी घालायला उठत नसे, कोणी भात वैरत नसे. थोडा वेळ थांबून तो गाडी वळवी.

पुढे त्याच्या पडवीत कोणी जुनी गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "बघा हो, हिचं काय बिघडलंय," तर तो हत्यार हातात घेण्याआधी विचारी, "चालते ना? मग तुझी वाट कोण बघतंय ते आधी सांग."

म्हणून शहाणी माणसे सांगतात: वाट पाहणाऱ्याकडे कुरकुरत्या गाडीनेच जावे, पण वेळेवर जावे, तो गेल्यावर नीट झालेली गाडी दाखवायची कोणाला?