डावीकडची बांग

फार पूर्वी खाडीच्या काठावर एक गाव होतं, आणि गावापेक्षा गावातली तोंडं मोठी होती. तिथल्या मशिदीत एक म्हातारा बांगी होता. दगडी चौथऱ्यावर उभं राहून पाचही वेळा नमाजाची हाक द्यायची, हे त्याचं काम.

बांगेत "या, नमाजला या" अशा अर्थाचे बोल आले की बांगीनं मान आधी उजवीकडं वळवायची, मग डावीकडं, अशी रीत. आता या मशिदीच्या उजवीकडं गाव होतं आणि डावीकडं नुसती खाडी. तरी म्हातारा डावीकडंही तेवढ्याच जोरानं हाक द्यायचा.

समोरच्या ओट्यावर मासळीचा एक शेठ बसलेला असे. त्याला दोनच कामं, मासे विकणं आणि माणसं चिडवणं.

"बांगीचाचा, तिकडं कोणाला बोलावतोस? माशांना? बरं आहे त्यांचं, नमाजाआधी हातपाय धुवायची कटकट नाही."

"शिकवलंय तसं करतो, शेठ," म्हातारा म्हणायचा. "अल्लाहनं हाक द्यायला सांगितलंय. कोण ऐकतं ते बघायचं काम माझ्याकडं दिलेलं नाही."

सगळा ओटा हसायचा. तुम्हीही हसला असता, उगाच साळसूद चेहरा करू नका.

मग थंडीतला एक दिवस असा उजाडला की गावाचं हसू मावळलं. बांगीचा एकुलता एक मुलगा पहाटे होडी घेऊन गेला, ती खाडीच्या तोंडावरच्या खडकांवर फुटली. दुपारी लोकांनी त्याला खांद्यावर आणला. दिवस बुडायच्या आत माती दिली.

कबरस्तानातून परतेपर्यंत खाडीवर धुकं उतरलं होतं. हातभर लांबचं दिसेना. संध्याकाळच्या नमाजाची वेळ झाली. शेठ टिंगलखोर होता, पण दगड नव्हता. तो म्हाताऱ्याजवळ आला.

"चाचा, आज राहू दे. आणि द्यायचीच असेल तर गावाकडं तोंड करून दे. त्या खाडीनं तुझं पोर खाल्लं. तिला कशाला हाक मारतोस?"

म्हातारा आत गेला. हौदाशी बसून त्यानं हातपाय धुतले. बोटांतून मुलाच्या कबरीची माती निघाली, पाणी गढूळ झालं. तो चौथऱ्यावर चढला.

उजवीकडची हाक झाली. डावीकडं मात्र मान वळेना. तिकडं धुक्यात ते खडक होते. गाव खाली मान घालून उभं राहिलं.

मग म्हाताऱ्यानं मान वळवली, आणि फाटक्या आवाजात खाडीला हाक दिली.

नमाज आटोपून लोक बाहेर आले, तेव्हा पायऱ्यांवर शेठचाच मुलगा बसलेला. ओलाचिंब, थरथरत. तो होडी घेऊन मासळीला गेलेला, उद्या यायचा होता.

"बाबा, धुक्यात काही दिसत नव्हतं. होडी नेमकी खडकांकडं चालली होती. बांग ऐकली आणि आवाजाच्या रोखानं वल्ही मारली."

आता तुम्ही वाट बघत असाल, की बांगीचा मुलगाही कबरीतून उठून आला असेल. नाही आला. तसं कोणी येत नाही.

शेठ म्हाताऱ्याच्या पायाशी बसला. म्हणाला, "चाचा, माझं पोर मला मिळालं. तू एवढं ऐकलंस अल्लाहचं, तुला काय मिळालं?"

म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला.

"दुपारपासून इथं एक धोंडा आहे, शेठ. बांग देऊन उतरलो तेव्हाही होता. पण चढताना मी एकटा उचलत होतो. उतरताना दुसऱ्या बाजूनं कोणीतरी हात लावला होता."

दुसऱ्या दिवशी पहाटे म्हाताऱ्यानं डावीकडं मान वळवली, तेव्हा ओट्यावर कोणी हसलं नाही. शेठ तर ओट्यावर नव्हताच. तो आत, पहिल्या रांगेत होता.

तात्पर्य: देवाचं ऐकलं म्हणून दुःख दार चुकवत नाही, पण ऐकणाऱ्याला ते एकट्यानं वाहावं लागत नाही. आणि शहाण्यांनो, दुसऱ्याच्या बांगेला हसण्याआधी आपलं पोर कुठल्या पाण्यात आहे, ते आठवावं.