हाडवैद्याला झालेला उशीर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात शांतवन नावाचा एक हाडवैद्य राहायचा. त्याचं वय झालं होतं. बायको देवाघरी गेली होती. दिवसभर लोकांची मोडलेली हाडं बसवायची, संध्याकाळी भाकरी थापायची आणि अंग टाकायचं, असं त्याचं चाललं होतं.

थंडीचे दिवस होते. एका दुपारी तो रिकाम्या ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला गुडघे टेकून बसला असताना त्याला शब्द ऐकू आले, अगदी स्पष्ट. “शांतवन, वरच्या वाडीला जा.”

काही वर्षांमागे डोंगरावरच्या त्या वाडीत तापाची साथ आली, तेव्हा तो औषध घेऊन वर गेला होता. यानेच रोग आणला म्हणून वाडीकऱ्यांनी त्याला दगड मारून हाकललं होतं.

“प्रभू, मी दमलोय,” तो म्हणाला. “आणि त्यांच्याकडे? दुसरं कुणीतरी पाठव.”

पण दुसऱ्या दिवशी तेच शब्द आले, तिसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा शांतवनने गाठोडं बांधलं, दाराला कुलूप लावलं आणि डोंगराकडे पाठ फिरवून तो चालू लागला. कुठे जातोय, हे त्याने शेजाऱ्यालाही सांगितलं नाही.

चालत चालत तो खाडीवरच्या मिठागरात पोचला. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. आपण हाडवैद्य आहोत हे त्याने लपवलं आणि मीठ वाहायचं काम धरलं. वाटलं होतं, आता जिवाला आराम पडेल. पण टोपल्यांनी मान मोडून आली, खाऱ्या पाण्याने तळव्यांना भेगा पडल्या. त्याहून वाईट म्हणजे त्याला प्रार्थना करता येईना. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ म्हणायची वेळ आली की जीभ अडायची. मग तो तसाच उठायचा. झोपूनही त्याचा थकवा जात नसे.

असे सहा महिने गेले. उन्हाळा सरत आला होता. एक दिवस तबिथा नावाची म्हातारी मजूर बांधावरून घसरली आणि तिचा खांदा निखळला. लोक धावले. एकजण तिचा हात फळीला बांधू लागला, तोही उलटा. शांतवन टोपली धरून लांब उभा होता. आपल्याला काय करायचंय, असं तो मनाशी म्हणत राहिला. म्हातारी पुन्हा ओरडली, तशी त्याने टोपली टाकली, सगळ्यांना बाजूला केलं आणि एका हिसक्यात खांदा जागेवर बसवला.

म्हातारीने दम घेतला. मग त्याच्याकडे टक लावून पाहिलं. “असे हात आहेत तुझे, आणि मीठ कसलं वाहतोस, बाबा?”

“एका ठिकाणी जायला सांगितलं होतं. गेलो नाही.”

“कुणी सांगितलं होतं?”

शांतवनने वर बोट केलं. म्हातारी खांदा धरून उठून बसली.

“मग जा की आता.”

“सहा महिने झाले, आजी. फार उशीर झाला.”

“आणि इथे बसलास की तो कमी होणार आहे का?”

दुसऱ्या दिवशी तो निघाला. डोंगर चढताना दर वळणावर त्याला बसावं लागलं. दगड बसतील या भीतीनेच तो वाडीत शिरला, पण कुणी दगड उचलला नाही. पहिल्याच घराच्या अंगणात एक दहा वर्षांची मुलगी बसली होती. तिचा एक पाय वाकडा आणि आखूड झाला होता. तिच्यामागे तिचा बाप उभा होता. साथीच्या वेळी पहिला दगड यानेच मारला होता.

“आलात?” बाप म्हणाला. “थंडीत कड्यावरून पडली ही. मी तुमच्या घरी आलो होतो. दोन दिवस ओट्यावर बसून राहिलो. आधी माफी मागायची होती. शेवटी तुमच्या कुलपाचीच माफी मागितली आणि परत आलो.”

शांतवन मुलीजवळ बसला. त्याने पाय चाचपला, पुन्हा चाचपला. हाड वेडंवाकडं जुळून घट्ट झालं होतं.

“हा आता सरळ होणार नाही,” तो म्हणाला. “तेव्हा झाला असता. देवाने मला तीनदा सांगितलं होतं, जा म्हणून. मी पळून गेलो.”

बाप घरात गेला. बराच वेळ तो बाहेर आला नाही. शांतवनला वाटलं, आता आपण उठावं. तेवढ्यात मुलीने विचारलं, “पण चालता तरी येईल का मला?”

“येईल. रोज पाय चोळावा लागेल. वेळ लागेल.”

“म्हणजे तुम्ही राहणार?”

“राहीन.”

बाप बाहेर आला तो पाण्याचा तांब्या घेऊन. डोळे लाल झाले होते. “पाय धुवा, वैद्यबाबा. भाकरी केलीय.”

शांतवन राहिला. नाताळाच्या सुमारास मुलगी काठी सोडून चालू लागली, लंगडत. ती अंगणातून जाताना दिसली की शांतवनची मान आपोआप खाली जायची. अशा वेळी त्याला खाली, कुठेतरी लांब निघून जावंसं वाटायचं. पण आता प्रार्थना करताना त्याची जीभ अडत नव्हती, आणि सकाळी दाराशी कुणी ना कुणी दुखणं घेऊन आलेलं असायचं. तो उठून त्यांच्याकडे जायचा.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: देवाच्या हाकेपासून पळालेल्याला देव टाकत नाही, पण ती हाक ज्यांच्यासाठी होती, त्यांना त्या पळण्याची झळ सोसावी लागते.