अख्खा ऊस

साहेबाला काय खटकेल, सांगता येत नाही. शाळा तपासायला आलेल्या बर्डे साहेबांना चक्क टाळ्या खटकल्या. हेमलताबाई मुलांकडून टाळीगणिक म्हणवून घेत होत्या, "हॉस्-पि-टल! ए-लि-फंट!"

"इंग्रजी शब्दांची खांडोळी? अख्खा शब्द शिकवा, नाहीतर शेरा मारतो!" साहेब गरजले.

मधल्या सुट्टीत बाईंनी शेजारच्या फडातला डोक्याहून उंच ऊस साहेबांच्या हाती दिला. "घ्या साहेब."

"अहो, अख्खा कसा खाऊ? कांडी करून द्या की!"

बाईंनी कोयत्याने कांडी करून दिली. साहेब मिटक्या मारू लागले.

"साहेब, तुकडे केल्यानं गोडी कमी झाली का हो?"

साहेब चघळायचे थांबले. चोथा थुंकून हळूच म्हणाले, "त्या एलिफंटला टाळ्या किती म्हणालात?"