भिंतीकडे तोंड केलेला मोर

फार फार वर्षांपूर्वी सागाच्या रानाला लागून एक गाव होते. तिथे लाकडावर कोरीवकाम करणारी तीस घरे होती, आणि त्यांचा म्होरक्या होता भानजी. त्याच्या पेटाऱ्यावरचा मोर बघायला परगावची माणसे येत.

पुढे दिवस पालटले. एकेक करत बावीस घरांनी कोरीवकाम सोडून गाड्यांची चाके करायला घेतली. भानजीचे कशात चित्त लागेना. तो पटाशी उचली, ठेवून देई, दारापर्यंत जाऊन परत फिरे. लोकांना पारख उरली नाही, असे भेटेल त्याला ऐकवी, आणि नवा पेटारा आधीच्याहून भरगच्च कोरी.

शेवटी त्याची सून मैना म्हणाली, "मामंजी, आपले पेटारे लोकांच्या घरात कसे आहेत, ते एकदा बघून याल का?"

ते त्याला झोंबले. पण घरातही चैन पडेना, म्हणून तो निघाला.

शेजारच्याच गावात एका म्हातारीकडे त्याला आपला पेटारा दिसला. मोराचे तोंड भिंतीकडे होते. असे का, म्हणून त्याने विचारले.

त्याला न ओळखता म्हातारी म्हणाली, "मोर देखणाच आहे हो. पण घर एवढंसं. येता-जाता चोच लुगड्यात अडकते, दोन लुगडी फाटली. आणि झाकण मला एकटीला उचलत नाही."

भानजीला तिथे पाणीही गोड लागेना. आठ दिवस तो गावोगाव हिंडला. कुठे पेटारा दारातून आत गेला नव्हता, कुठे त्यात कडबा भरला होता. त्याने घरे पाहिली, दारांची मापे घेतली.

परतल्यावर त्याने उरलेल्या आठही घरांना अंगणात बोलावले आणि आजवर कोणाला न दाखवलेले, नक्षीचे नमुने रेखलेले कापड सर्वांसमोर पसरले. पेटारा लहान, हलका करायचा. सांधे कोणी जुळवायचे, नक्षी कोणी कोरायची, हे ठरले. मोर राहणार होता, पण चोच आत वळवून, उथळ कोरून.

"हा मोर तुझ्या आजोबांचा आहे," एक वृद्ध कारागीर म्हणाला.

भानजीने कोळसा हातात घेतला. "त्यांनी तो त्यांच्या काळच्या घरांसाठी काढला होता," असे म्हणून त्याने नवी रेघ ओढली.

नवे पेटारे खपू लागले, आणि दोन वर्षांत चाके करणारी अकरा घरे कोरीवकामाकडे परतली. बाकीची आली नाहीत. भानजी मात्र दर हिवाळ्यात गावोगाव जाऊन लोकांची घरे बघत राहिला.

तात्पर्य इतकेच, की जी कला वापरणाऱ्याची अडचण ऐकून घेते, तीच पुढच्या पिढीच्या हाती पोचते.